जुनी डिझेल मोटार कशी पारखावी ?

पुणें-नाशिक रस्त्यानें मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडली, कीं थोड्याच वेळांत कुरुळी हें गांव लागतें. पलीकडचें चाकण पूर्वीं ओळखलें जाई तें कांद्याच्या बाजारासाठीं; आज त्या परिसरांत महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने उभे आहेत, आणि अलीकडे पिंपरीस टाटांचा विस्तीर्ण कारखाना आहे. जेथें नवी मोटार जन्मास येते तेथेंच जुनीचाहि बाजार भरतो, हें स्वाभाविक होय. अधिकाऱ्याची बदली झाली म्हणजे त्याची मोटार विक्रीस निघते. कामगारांस नेण्या-आणण्याचा करार संपला म्हणजे त्या कामावरील मोटारीहि बाजारांत येतात. या दोन मोटारी रंगरूपानें सारख्या दिसल्या तरी त्यांच्या पूर्वायुष्यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें. आणि तें अंतर न ओळखतां आल्यामुळें पुष्कळ सुशिक्षित कुटुंबें आपली वर्षानुवर्षांची शिल्लक अडचणींत घालतात. म्हणून या विषयाचा थोडा बारकाईनें विचार करण्याचें योजिलें आहे.

डिझेलच कां ?

एकत्र कुटुंबाची मोटार ही एका माणसाच्या मोटारीहून निराळी. तिला कधीं आंबेजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनास जावयाचें असतें, कधीं नागपूरच्या लग्नास, तर कधीं गणपतीला घाट उतरून कोंकणांत. सात माणसें, त्यांच्या ट्रंका, फराळाचे डबे आणि आजोबांची आरामशीर बैठक, एवढें सर्व घेऊन तिनें चढ चढावयाचा असतो. येथें डिझेल इंजिनाचा गुण दिसून येतो.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें आपलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें चालवून दाखविलें. त्यांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. या दाबानें ती इतकी तापते कीं तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. यामुळें तेंच काम कमी इंधनांत होतें, आणि टर्बोच्या साहाय्यानें इंजिनाच्या मंद गतींतहि चाकांस भरपूर ओढ मिळते. आपल्या शेतकऱ्यास हें यंत्र मोटारीच्या पूर्वींच परिचयाचें झालें होतें. १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सनें तें विहिरी-विहिरीवर नेलें.

आतां पैशाचा हिशेब पाहूं. डिझेल लिटरला ९० रुपये व पेट्रोल १०४ रुपये असें केवळ हिशेबापुरतें धरूं. आणि तेवढ्याच आकाराची डिझेल मोटार लिटरमागें १८ किलोमीटर, तर पेट्रोलची १४ किलोमीटर धांवते असें मानूं. म्हणजे डिझेलला किलोमीटरमागें ५ रुपये व पेट्रोलला सुमारें ७ रुपये ४३ पैसे पडतात. वर्षाला २०,००० किलोमीटर धांवणाऱ्या कुटुंबाची यांत सुमारें ४८,५०० रुपयांची बचत होईल. परंतु ६,००० किलोमीटर धांवणाऱ्याची अवघी १४,५०० रुपयांची. डिझेलचा एखादा इंजेक्टर, टर्बो किंवा क्लच बिघडला तर ही दुसरी बचत एका फेरींत गॅरेजमध्यें जमा होते. वाचकांनीं स्वतःच्या प्रवासाचे व त्या दिवशींच्या भावाचे आंकडे घालून हेंच गणित घरीं मांडावें. निर्णयाचा अर्धा भाग तेथेंच आटोपेल.

कोणास डिझेल नको ?

ज्यास रोज कुरुळीहून चाकणच्या तळेगांव चौकापर्यंत मुंगीच्या पावलांनीं जावयाचें व परत यावयाचें, आणि ज्याचा दूरचा प्रवास वर्षांतून दोनदांच, त्यानें डिझेलच्या वाटेस जाऊं नये. याचें कारण केवळ इंधनाचें नव्हे. १ एप्रिल २०२० पासून देशांत भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुरांतील काजळी अडकवून ठेवणारी गाळणी असते. ही काजळी जाळून टाकण्यास इंजिन कांहीं काळ सलग वेगानें चालावें लागतें. वाहतुकीच्या कोंडींत तें घडत नाहीं. गाळणी तुंबते, दर्शकफलकावर दिवा लागतो, आणि न जळलेलें डिझेल कधीं कधीं इंजिनच्या ऑइलमध्यें उतरतें. जी मोटार नागपूरच्या वाटेवर सोन्यासारखी, तीच चौकांतल्या कोंडींत रुसून बसते. मोटारीचा दोष नाहीं; काम चुकीचें दिलें एवढेंच.

कोणत्या सालाची घ्यावी ?

२०२० ची मर्यादा दुसऱ्याहि एका कारणानें लक्षांत ठेवावी. मारुति, फोक्सवॅगन व रेनॉ यांनीं त्या सुमारास आपल्या डिझेल मोटारी बंद केल्या. ज्या १.३ लिटरच्या फियाट इंजिनानें मारुति, टाटा व फियाट अशा अनेकांच्या मोटारी चालविल्या, आणि जें पुण्याजवळच्या रांजणगांवासहि तयार होत असे, त्याचीहि अखेर तेव्हांच झाली. बंद झालेलें इंजिन वाईट असतें असें नव्हे. हें इंजिन तर गांवोगांवच्या मिस्त्रींच्या हातांतलें आहे. तथापि घेण्यापूर्वीं सुटे भाग आपल्या गांवीं मिळतात कीं नाहीं, याची चौकशी दोन-तीन दुकानांत करावी.

याशिवाय इंजिनांत टायमिंगची साखळी आहे कीं पट्टा, हें विचारावें. वरील फियाट इंजिनांत साखळी असते. रेनॉच्या डस्टरमधील दीड लिटरच्या इंजिनांत आणि फोक्सवॅगनच्या दीड लिटरच्या इंजिनांत पट्टा असतो. पट्टा ठरल्या मुदतींत बदलला नाहीं व धांवतांना तुटला, तर इंजिन आंतल्या आंत मोडतें. बदलल्याचें बिल दाखवितां येत नसेल, तर बदलला नाहीं असें समजून तेवढी रक्कम किंमतींतून वजा मागावी.

सुरक्षिततेचें सालहि पाहावें. चाकें जाम न होऊं देणारी ब्रेकची योजना, जिला ए.बी.एस. म्हणतात, ती एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली. चालकापुढील हवेची पिशवी त्याच वर्षाच्या जुलैपासून, आणि शेजारच्या आसनापुढील २०२२ च्या आरंभापासून. त्यापूर्वींच्या मोटारींत या गोष्टी असतीलच असें नाहीं. स्वस्त नमुन्यांत बहुधा नसत.

प्रत्यक्ष पारख

मोटार पाहण्यास सकाळीं जावें, आणि आपण येईपर्यंत ती चालू करूं नये असें मालकास आधीं कळवावें. गरम इंजिन आपले पुष्कळ दोष लपवितें. बॉनेटवर हात ठेवून तें थंड असल्याची खात्री करून घ्यावी, मगच किल्ली फिरवावी. पहिल्या फिरकींत सुरू होऊन लवकर स्थिर झालें तर उत्तम. मागें एकानें उभें राहून धूर पाहावा. काळा धूर सतत येत असेल तर हवा कमी वा इंधन अधिक. निळा असेल तर ऑइल जळतें आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरहि थांबत नसेल तर इंधन नीट जळत नाहीं, किंवा रेडिएटरचें पाणी आंत शिरतें आहे.

चालू इंजिनावर ऑइल भरण्याचें झांकण सैल करून पाहावें. आंतून भाता चालविल्यासारखा जोराचा वाफारा आला तर इंजिन झिजलें आहे. डिझेलचें ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळें पडतें, तेव्हां काळेपणास भिऊं नये. दुधाळपणास मात्र भ्यावें, कारण तो पाणी मिसळल्याचा पुरावा. तसेंच गाळणी असलेल्या मोटारींत ऑइलची पातळी वरच्या खुणेहून अधिक दिसली, तर त्यांत डिझेल उतरल्याचा संशय घ्यावा.

किलोमीटरच्या आंकड्यावर एकट्यावर विश्वास टाकूं नये. तो मागें फिरविणारे हात बाजारांत आहेत. सर्व्हिसच्या नोंदी सालवार वाचाव्या. आंकडा ४०,००० सांगतो आणि क्लचच्या पेडलचें रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचें कातडें चकाकलेलें, चालकाच्या आसनाची कड दबलेली, असें असेल तर आंकडा व मोटार यांपैकीं मोटारीचें ऐकावें. उलट, लाखभर किलोमीटर महामार्गावर धांवलेली व वेळच्या वेळीं सर्व्हिस झालेली मोटार ही कोंडींत तीस हजार चाललेल्या मोटारीपेक्षां पुष्कळदां निरोगी असते.

पुराच्या पाण्यांत बुडालेली मोटार हा सर्वांत फसवा माल. २५ जुलै २०२४ रोजीं पुण्यांत सिंहगड रस्त्याच्या भागांत वसाहतींत पाणी शिरलें होतें, हें वाचकांस स्मरत असेल. अशी मोटार धुवून-पुसून सुगंधित करून उभी केली जाते. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आंतल्या टोकास गाळाची रेघ दिसल्यास, किंवा गालिच्याखालीं माती व गंज आढळल्यास, तेथून निघून यावें.

टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या त्या काँक्रीटच्या मार्गावर ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि चाकण परिसरांतील माणूस सिन्नरजवळ त्यावर चढून नागपूर गांठूं शकतो. परंतु उन्हांत तापलेल्या काँक्रीटवर त्या वेगानें तासन्‌तास धांवणें ही टायरची कठोर परीक्षा आहे. नक्षी शिल्लक असली तरी पांच-सहा वर्षांचे टायर या प्रवासास नेऊं नयेत. चार नव्या टायरांची किंमत खरेदींतच धरावी.

कागदपत्रें

आर.सी. वरील इंजिन व चासीचे क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांकांशीं ताडून पाहावे. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचें पत्र व फॉर्म ३५ मागावा. मालकी बदलण्यास फॉर्म २९ व ३० लागतात. खरेदीदारानें ३० दिवसांच्या आंत आर.टी.ओ. कडे वर्दी द्यावी, असा कायदा आहे. विमा १४ दिवसांत आपल्या नांवें करण्याचा अर्ज करावा. दावा न केल्याबद्दलची सूट जुन्या मालकाची असते, ती मोटारीबरोबर येत नाहीं. म्हणून विम्याचा हप्ता वाढेल. मोटार पूर्वीं भाड्याच्या धंद्यांत होती कीं काय, हेंहि नोंदींवरून कळतें.

दिल्लीकडील स्वस्त डिझेल मोटारींचा मोह अनेकांस पडतो. तेथें राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं दहा वर्षांवरील डिझेल मोटारींस मज्जाव केला. त्या निर्बंधांत पुढें फेरबदल झाले, तरी तिकडच्या जुन्या मोटारींचे भाव पडलेले राहिले. अशी मोटार येथें आणल्यास ना-हरकत दाखला, नवी नोंदणी व महाराष्ट्राचा रस्ताकर यांत स्वस्ताई विरून जाते. नोंदणीचीं पंधरा वर्षें भरत आलेली मोटारहि विचारपूर्वक घ्यावी. पुढें तपासणी व पर्यावरण कर आहेच.

घरच्या माणसांसाठीं

अखेरीस, मोटार पाहण्यास घरांतील वृद्ध माणसास अवश्य न्यावें. उंच मोटारीची ऐट तरुणांस आवडते. परंतु गुडघे दुखणाऱ्या आजीस तींत चढतां येतें कीं नाहीं, हें विक्रेता सांगणार नाहीं. सुमंत मुळगांवकर यांच्या नांवावरून जिचें नांव पडलें त्या टाटा सुमोनें १९९४ पासून महाराष्ट्रांतील किती कुटुंबांस तीर्थयात्रा घडविल्या ! पण तिच्यांत व तिच्यासारख्या जुन्या मोटारींत मागें समोरासमोर जीं बांकें असत, त्यांस सुरक्षेचे पट्टे बहुधा नसत. आणि तेथें आपण मुलांनाच बसवीत असूं. सात माणसांची मोटार घ्यावयाची तर पुढें तोंड असलेलीं सात आसनें व सात पट्टे मोजून घ्यावे. ते मिळत नसतील तर प्रवासास पांचच माणसांनीं मोटारीनें जावें, इतरांनीं रेल्वेनें यावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

ठरलेल्या रकमेपैकीं दहावा हिस्सा पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावा आणि उरलेल्या रकमेंतच मोटार शोधावी. विक्रेता घाई करूं लागला तर ती मोटार दुसऱ्यास जाऊं द्यावी. चाकण-पिंपरीच्या या पट्ट्यांत मोटारींचा दुष्काळ कधींहि पडणार नाहीं. घाटांत ब्रेकवर पाय ठेवतांना मनाला जो विश्वास वाटावयास हवा, तो मात्र घासाघीस करून मिळत नाहीं.