कोणी सांगितलं?

नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून बेने इस्रायल हा ज्यू समाज वाढला. ही कथा इथल्या लहान पोरालाही पाठ असते. पण पणजी कुठल्या गावची, पणजोबा काय करत, हे विचारलं की घरोघर गप्प. मला या दुसऱ्या प्रश्नाची ओढ जास्त आहे, आणि अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या कबरस्तानात रविवारी सकाळी जमणाऱ्या मंडळींनाही.

त्यांत प्रार्थना चालवणारे हजानकाका असतात, दोन-तीन आज्या असतात, मुंबई-ठाण्याहून आलेली कॉलेजातली मुलं असतात. शिवाय गावातले एक निवृत्त तलाठी येतात. ते ज्यू नाहीत, पण त्यांना मोडी येते, आणि घरांतली जुनी खरेदीखतं त्यांच्याशिवाय कोणालाच लागत नाहीत.

आधी थडग्याचा दगड धुवायचा. पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. अॅसिड लावलं तर शेवाळाबरोबर अक्षरही जातं. खाचांतली माती बांबूच्या काडीने काढतात. मग एक मुलगी आरसा धरून उन्हाची तिरीप दगडावर आडवी पाडते, आणि जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे वर हिब्रू, खाली मराठी ओळी वर येतात.

एका बाईंच्या दगडावर मराठीत सन १९०७ होतं, शके १८२९ होतं. वर हिब्रू साल अक्षरांत. हजानकाकांनी मुलांकडूनच बेरीज करून घेतली: ताव ४००, रेश २००, सामेख ६०, हेत ८, म्हणजे ६६८. पाच हजार सहसा लिहीत नाहीत, ते धरूनच चालायचं. ६६८ मध्ये १२४० मिळवले की इसवी सन. उत्तर आलं १९०८. "पाथरवट चुकला," एक मुलगा म्हणाला. काकांनी सालाच्या अलीकडच्या शब्दावर बोट ठेवलं. महिना किस्लेव. हिब्रू वर्ष तिश्रीत, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास बदलतं. तिथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला एक वर्ष कमी धरावं लागतं. पाथरवट बरोबर होता. त्या मुलाने पुढचे सगळे दगड स्वतः मोजले.

आडनावांचं काम नकाशावर चालतं. किहीमचे केहिमकर, झिराडचे झिराडकर, चेऊलचे चेऊलकर, पेझारीचे पेझारकर, अष्टमीचे अष्टमकर. जिल्ह्याच्या नकाशावर टाचण्या लावत गेलं की तेलाच्या घाण्यावर जगणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज गावोगाव किती विखुरलेला होता ते समोर येतं. नावंही दुहेरी असतात. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. तेच समाजी हसाजी. नावातली ही जोडी कळली नाही तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात, म्हणून मुलांना ती आधी शिकवतात.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापून आला १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. मधली चाळीस वर्षं मला फार लागतात. आणि पुढे इस्रायलमध्ये लग्नाच्या वेळी या लोकांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली, १९६४ पर्यंत त्यासाठी आंदोलन करावं लागलं. आपली माहिती आपल्या हाताशी असावी, हा इथल्या आज्यांचा आग्रह त्यामुळे मला पोकळ वाटत नाही.

हे सगळं ज्या नोंदवहीत उतरवतात, तिच्यात एक रकाना आहे: 'कोणी सांगितलं?' नवगावच्या जहाजासमोर तिथे 'परंपरा' असं लिहिलंय. परवा एका घराण्यावरून आज्यांचं वाजलं. ती बाई थोरल्याची बायको, एक म्हणे. दुसरी म्हणे, छे, धाकट्याची दुसरी. दोन्ही म्हणणी नावांसकट लिहून घेतली. इस्रायलमध्ये लोदला राहणाऱ्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला, तर तिने बाईचं माहेर सांगितलं, जे इथे कोणालाच माहीत नव्हतं. मग तलाठीकाकांनी त्या घरचं खरेदीखत उलगडलं. जमीन त्या बाईच्याच नावावर होती, आणि नवऱ्याचं नाव तिसरंच निघालं. नोंदवहीत चौथी ओळ वाढली.