आग खुब्यात, बंब गुडघ्यावर

शाळकरी पोर लंगडत येतं. ‘कुठं दुखतंय रे?’ विचारलं की बोट गुडघ्यावर. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ, आजीच्या तेलानं फरक शून्य. चोर बसलेला असतो वर, खुब्यात! दोन्ही सांध्यांच्या काही नसा सामाईक, त्यामुळे मेंदू पत्ता चुकतो. म्हणून जाणते डॉक्टर अशा पोराचा खुबाही फिरवून बघतात.

बोट सुजून सॉसेजसारखं झालंय आणि डॉक्टर मात्र तुमची बेंबी तपासताहेत? वेड लागलेलं नाही त्यांना. कातडीचा सोरायसिस सांधेही सुजवतो आणि त्याचा चट्टा बेंबीत, कानामागे, केसांत दडी मारतो. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खळगे दिसले तरी संशय पक्का होत जातो. काहींचे सांधे तर कातडीच्या आधीच कुरकुरू लागतात.

आजोबांना ताप, मान ताठ. घरच्यांच्या तोंडी एकच शब्द, मेंदूज्वर. पण कधीकधी सीटी स्कॅनमध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या सुळक्याभोवती कॅल्शियमच्या स्फटिकांचा मुकुट दिसतो. वैद्यकात त्या सुळक्याला ‘दात’च म्हणतात, म्हणजे दुखणं मानेचं आणि नाव मुकुट घातलेल्या दाताचं.

स्फटिकांवरून गाउट आठवला. ऐन झटक्यात रक्तातलं यूरिक ॲसिड चक्क नॉर्मल येऊ शकतं. रिपोर्ट पाहून ‘गाउट नाही’ म्हणणारा तिथंच फसतो. खात्रीचा पुरावा सांध्यातल्या पाण्यात, सुईसारख्या स्फटिकांत. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखायची रीत 1961 साली अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी दाखवली.

त्याआधीची युक्ती मला जास्त आवडते. लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी 1848 मध्ये गाउटच्या रोग्यांच्या रक्तात यूरिक ॲसिड दाखवून दिलं आणि पुढे त्याची चाचणीही काढली. रक्तातलं पिवळसर पाणी बशीत घ्यायचं, थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं, त्यात एक धागा सोडायचा आणि वाट बघायची. धाग्यावर स्फटिक धरले की गाउट. खडीसाखरच की! ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नावही याच गृहस्थांचं, 1859 मधलं.

त्यांचा मुलगा आर्चिबाल्ड काळ्या लघवीच्या मागे लागला. अल्कॅप्टोन्युरिया नावाच्या दुर्मीळ विकारात लघवी हवेत ठेवली की काळवंडते, बाळाच्या दुपट्यावर काळे डाग पडतात. शरीरातली ही रासायनिक चूक आनुवंशिक आहे, असं आर्चिबाल्डनं 1902 मध्ये मांडलं. तेच काळं रंगद्रव्य वर्षानुवर्षं कूर्चेत मुरतं, कान निळसर दिसू लागतात आणि साधारण तिशी-चाळिशीत पाठ-गुडघे धरतात. म्हणजे निदान पाळण्यातच पडून होतं.

आणखी एक गंमत, रोग्याच्या दृष्टीनं अर्थात नव्हे. पक्षाघातानं लुळ्या पडलेल्या बाजूला नंतर रुमॅटॉइड संधिवात झालाच, तर बहुधा तिथले सांधे बरेचसे वाचतात.

आणि हे आपल्या बांधावरचं. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला, रक्ताचे रिपोर्ट साधे, एक्स-रेत काही नाही. कारण बाभळीच्या किंवा शिंदीच्या काट्याचं मोडकं टोक एक्स-रेत सहसा दिसतच नाही! सांध्यात ते रुतून बसलं की गोळ्यांनी तात्पुरतं भागतं, शेवटी शस्त्रक्रिया करून काढावं लागतं. पण त्याआधी कुणीतरी विचारायला हवं, ‘काटाबिटा मोडला होता का?’

‘मोडला होता की. पण तो तर चैतात!’