लस, संशय आणि तरुण मन



नागपुराहून रायपूरकडे मोटारीनें गेलेल्या पुष्कळांनीं गोंदिया जिल्ह्यांतील कोहमारा हें गांव वाटेंत पाहिलें असेल. गोंदियाकडून येणारा रस्ता येथें महामार्गास मिळतो. पूर्वीं अशा नाक्यावर दूरच्या मुलखाची वार्ता मालमोटारीबरोबर येई. आतां तिला वाहन लागत नाहीं. पुण्यांतील महाविद्यालयीन तरुण आणि कोहमाऱ्याच्या नाक्यावर चहा पीत बसलेला तरुण या दोघांच्याहि मोबाइलवर एकच वदंता एकाच घटकेस येऊन पडते. म्हणून लशीच्या पाठीमागें कांहीं गुप्त कट आहे, ही समजूत 'खेड्यांतील अज्ञान' या सदराखालीं घालून आपणां शहरवासीयांस मोकळें होतां येणार नाहीं.

1 मे 2021 पासून आपल्या देशांत 18 वर्षांवरील सर्वांना करोनाची लस खुली झाली. त्या सुमारास काय काय कानांवर आलें तें आपणांस आठवत असेल. लशींतून शरीरांत सूक्ष्म यंत्र सोडतात. लशीनें वंध्यत्व येतें. लस घेणारा दोन वर्षांत मरतो. हें शेवटलें भाकीत तर लूक मोंतान्ये या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या तोंडीं घालण्यांत आलें होतें. त्यांनीं तें केलेंच नव्हतें. जून महिन्यांत नाशिकच्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंगास लस घेतल्यापासून चमचे व नाणीं चिकटतात, ही बातमी देशभर गाजली. ओलसर त्वचेस गुळगुळीत वस्तु चिकटते आणि अंगास पावडर चोळली कीं ती गळून पडते, हें कोणालाहि घरच्या घरीं पाहतां आलें असतें. पण स्वतः पाहणारांपेक्षां पुढें पाठविणारांची संख्या नेहमींच मोठी असते!

यांत नवें थोडेंच आहे. 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां इस्पितळांत माणसाच्या देहांतून 'मोमियाई' काढतात अशी आवई उठली, आणि ऑक्टोबरांत सुमारें हजार गिरणी-कामगार आर्थर रोडवरील इस्पितळावर चालून गेले. त्यांना खुळे म्हणणें सोपें आहे. परंतु रोग्यास घरांतून बळानें उचलून नेण्याचा अधिकार म्युनिसिपल कमिशनरांनीं त्याच महिन्यांत घेतला होता, आणि नेलेल्यांपैकीं परत येणारे थोडे होते. कथा खोटी होती. तिच्या मुळाशीं असलेलें भय खोटें नव्हतें. पुढें 10 जानेवारी 1897 रोजीं हाफकीन यांनीं प्लेगची नवी लस इतर कोणाला देण्यापूर्वीं स्वतःच्या देहांत टोंचून घेतली. त्या एका कृतीनें सारा संशय फिटला असें नाहीं. तथापि हुकमापेक्षां ती निराळ्या जातीची होती, एवढें खरें.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. संशय ही एक वस्तु आणि कटाची श्रद्धा ही दुसरी. संशयी मनुष्य प्रश्न विचारतो, आणि उत्तर पटलें तर निवळतो. कटावर श्रद्धा ठेवणाऱ्यास मात्र पुरावा दाखविला कीं तो म्हणतो, "पाहा, किती बेमालूम लपविलें आहे!" 2012 सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासांत विद्यार्थ्यांना राजकन्या डायानाच्या मृत्यूविषयीं प्रश्न विचारले होते. तिचा खून झाला असें ज्यांना अधिक वाटे, त्यांनाच ती मरणाचें सोंग करून जिवंत आहे असेंहि अधिक वाटे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणें अशक्य. पण 'वरचे लोक आपल्याला फसवितात' ही मूळ भावना दोहोंसहि पोसते. लशीविषयींच्या अशा कथा नुसत्या वाचल्यानेंहि लस देण्याची इच्छा मंदावते, हेंहि प्रयोगांनीं दिसलें आहे.

माझ्या मतें लस नाकारणारे बहुतेक तरुण पहिल्या वर्गांत मोडतात, आणि त्यांना दुसऱ्या वर्गांत ढकलण्याचें काम अर्धवट सांगण्यानें होतें.

याचें उत्तम उदाहरण पुण्यांतच घडलें. तेथील सीरम संस्थेनें केलेली कोविशील्ड ही लस मूळ ॲस्ट्राझेनेका या ब्रिटिश कंपनीची. तिच्यामुळें क्वचित् रक्तांत गुठळ्या होतात, ही गोष्ट युरोपांत एप्रिल 2021 मध्येंच जाहीर झाली होती. तरुणांना करोनाचा धोका मुळांत कमी. तेव्हां तराजूचें पारडें त्यांच्या बाबतींत निराळें पडतें, असा विचार करून ब्रिटननें प्रथम 30 वर्षांखालील आणि पुढें 40 वर्षांखालील लोकांना दुसरी लस देण्याचें ठरविलें. आपल्याकडेहि केंद्र सरकारच्या समितीनें 17 मे 2021 रोजीं सांगितलें, कीं कोविशील्डच्या दर दहा लाख मात्रांमागें अशा 0.61 घटनांची नोंद झाली आहे. लशीबरोबरच्या माहितीपत्रकांतहि 2021 सालींच त्याचा उल्लेख आला. परंतु हें वाचलें कोणीं? लसीकरण-केंद्रावरील रांगेंत उभ्या असलेल्या मुलास हें साध्या मराठींत समजावून सांगणारें कोण होतें? पुढें एप्रिल 2024 मध्यें कंपनीनें हीच गोष्ट ब्रिटिश न्यायालयांत मान्य केल्याची बातमी आली, आणि तीन वर्षांपूर्वीं छापलेली माहिती घरोघर 'गुन्ह्याची कबुली' म्हणून वाचली गेली. दडविलेलें कांहीं नव्हतें. पण ऐकणाऱ्याला तें दडविल्यासारखेंच होतें.

तरुण मुलें नाचतां-खेळतां अकस्मात् कोसळतात, तीं लशीमुळेंच, ही समजूतहि तेव्हांपासून बळावली. या प्रश्नाची तपासणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें कशी केली तें सांगण्यासारखें आहे. 47 रुग्णालयांतून, 18 ते 45 वयाच्या आणि वरकरणीं निरोगी असलेल्या 729 माणसांचे आकस्मिक मृत्यु निवडले. प्रत्येकाच्या जोडीस त्याच परिसरांतील, त्याच वयाचीं जिवंत माणसें घेतलीं. तीं एकूण 2916. लस हें कारण असतें, तर मृतांमध्यें लस घेतलेल्यांचें प्रमाण अधिक निघावयास हवें होतें. तसें निघालें नाहीं. दोन मात्रा घेतलेल्यांत तें उलट कमी होतें. अधिक आढळलें तें निराळेंच: करोनानें इस्पितळांत राहावें लागणें, कुटुंबांत असा मृत्यु पूर्वीं झालेला असणें, मृत्यूपूर्वींच्या दोन दिवसांत बेसुमार मद्यपान अथवा अतिश्रमाचा व्यायाम. अर्थात् मृतांची माहिती नातलगांच्या आठवणींतून गोळा झाली, आणि मुळांत धडधाकट असलेले लोकच लस घेण्यास अधिक जातात. ही उणीव सांगितल्यानें निष्कर्ष ढासळत नाहीं. ती लपविली, तर मात्र ती दुसऱ्या कोणास सांपडते.

सक्तीनेंहि कांहीं साधलें. नोव्हेंबर 2021 मध्यें औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनीं लस न घेणाऱ्यास पेट्रोल व शिधा न देण्याचा हुकूम काढला, आणि केंद्रांवर गर्दी झाली. पण पेट्रोलसाठीं टोंचून घेतलेल्या तरुणाच्या मनांतील प्रश्न होता तेथेंच राहतो, आणि पुढें स्वतःच्या लेंकराला लस देण्याच्या वेळीं तो पुन्हां डोकें वर काढतो. 2 मे 2022 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कोणासहि बळानें लस टोंचतां येणार नाहीं असा निर्णय दिला. सरकारचें लसीकरणाचें धोरण त्यानें अयोग्य ठरविलें नाहीं. त्याच निकालांत आणखी एक आज्ञा आहे, तिची चर्चा मात्र फार थोडी झाली: लशीनंतर झालेल्या अपायांची तक्रार सामान्य माणसास आणि डॉक्टरांस स्वतः नोंदवितां यावी, आणि नांवें गुप्त ठेवून त्या नोंदी सर्वांना पाहावयास मिळाव्यात.