टीव्हीपुढचा व्यायाम

"दिवसभर राबतो, आता व्यायाम कशाला?" असे आपल्या घरोघरी ऐकू येते. पण भगिनींनो, शिवणयंत्रावर वाकून बसणे किंवा पहाऱ्यावर उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. मुलींना तर मैदान मिळतच नाही.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने २००७ साली 'वी फिट' हा खेळ काढला. एका फळीवर उभे राहायचे. वजन कोणत्या पायावर जास्त पडते ते टीव्हीवर दिसते. कल्पना शिगेरू मियामोतो यांची. त्यांना रोज स्वतःचे वजन करायची सवय. २०१९ च्या 'रिंग फिट ॲडव्हेंचर'मध्ये लवचीक कडे हातांनी दाबायचे, मांडीला पट्टा बांधून जागच्या जागी धावायचे, की पडद्यावरचा गडी पळू लागतो. खालच्या बिऱ्हाडाला धपधप नको म्हणून धावण्याऐवजी नुसते गुडघे वाकवण्याची सोयही त्यात आहे. चाळीत राहणाऱ्यांना तिचे मोल सांगायला नको!

यंत्र मात्र महाग. हप्त्यावर घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. 'जस्ट डान्स' खेळातले नाच मोबाईलवर बघून तसेच करता येतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटे, मुलांना रोज ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल सांगते. गुडघे दुखत असतील त्यांनी उड्या टाळाव्यात. आणि खाट भिंतीला उभी केलीत, की आधी लेकीला नाचू द्या.