रडलं होतं का बाळ?

2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकी सरकारने एक कंत्राट रद्द केलं आणि जगभर ज्याला ‘डीएचएस’ म्हणतात तो लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम बंद पडला. 1984 पासून नव्वदहून अधिक देश, चारशेवर सर्वेक्षणं. आपल्याकडे याची फारशी कुणी दखल घेतली नाही. आफ्रिकेत कुठेतरी आकडे गोळा करणं थांबलं, त्यात आपलं काय गेलं? पण आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच घराण्यातलं. 1992-93 ची पहिली फेरी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने अमेरिकी मदतीने आणि याच साच्यावर केली. त्या दशकात ही प्रश्नावली काखोटीला मारून मी खेडी पालथी घातली आहेत. म्हणून मला झोंबलं.

त्याआधीचा इतिहास मी पुस्तकांत वाचला, तोही जांभया देत. 1978 ला अल्मा-आटाच्या आरोग्य परिषदेत ‘2000 सालापर्यंत सर्वांना आरोग्य’ अशी घोषणा झाली. वर्षभरातच वॉल्श आणि वॉरन या दोघा अमेरिकनांनी ते परवडणार नाही, निवडक रोगांपुरतं बघा, असं सुचवलं. 1982 ला युनिसेफच्या जिम ग्रँट यांनी वजनाचा तक्ता, मीठ-साखर-पाणी, अंगावरचं दूध आणि लस अशी चौकडी पुढे आणली. त्यातून लाखो मुलं वाचली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या सगळ्यात आई म्हणजे मूल वाढवायचं साधन. 1985 मध्ये रोझेनफिल्ड आणि मेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सरळ विचारलं की माता-बाल आरोग्यातली माता गेली कुठे? दोन वर्षांनी नैरोबीत परिषद भरली. वर्षाला पाच लाख बायका बाळंतपणापायी जातात, 2000 पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आणू, असा संकल्प सुटला. तो पाळला गेला नाही हे सांगायला नकोच.

माझं दशक नव्वदीचं. प्रश्नावलीत ‘जन्मांचा इतिहास’ नावाचं पान असे. जवळ राहणारे मुलगे किती, मुली किती, दुसरीकडे राहणारे किती, गेलेली किती? मग हमखास पुढचा प्रश्न: जन्मल्यावर रडलं, जीव असल्याची खूण दिसली, पण काही तास किंवा दिवसच जगलं, असं एखादं? इथे उंबऱ्यात उभी असलेली सासू हटकून मध्ये बोलायची, “तसलं काही न्हाई आमच्यात.” मग सासूला चहा टाकायला लावायचा, म्हशीचं विचारायचं, काहीही करून तिला हलवायचं. ती आत वळली की खालच्या आवाजात एखादं लेकरू पानावर यायचं, बहुतेक वेळा बिननावाचं. नावाच्या रकान्यात आम्ही ‘बाळ’ लिहायचो.

त्याहून अवघड होतं वय. महिन्याच्या आत गेलं तर दिवसांत लिहायचं, दोन वर्षांच्या आत गेलं तर महिन्यांत, पुढे वर्षांत. बाई म्हणायची, “वरसाचं झालं हुतं.” म्हणजे अकरा महिने की तेरा? अकरा असेल तर ते अर्भकमृत्यूत मोजायचं, तेरा असेल तर नाही. सगळ्या जगाच्या आकडेवारीत बारा महिन्यांवर मृत्यूंचा ढीग लागतो तो या एका उत्तरामुळे. मग दात आले होते का, पाऊल टाकत होतं का, जावळ काढलं होतं का, असं विचारत सुटायचं. दुसऱ्या फेरीत मराठवाड्यात भूकंप कामाला आला. 30 सप्टेंबर 1993, विसर्जन आटोपल्यानंतरची पहाट. “भूकंपात हे पोटात हुतं,” म्हटलं की हिशेब जुळायचा.

लबाड्याही व्हायच्या. लसी, जुलाब, खोकला, बाळंतपण या प्रश्नांचं लांबलचक शेपूट ठरावीक वर्षांच्या आत जन्मलेल्या मुलांनाच लागायचं. उन्हात शिणलेली, मुलाखत घेणारी पोर जन्मसाल एकाने मागे ढकलायची की शेपूट गळालं. आमच्या एजन्सीचा साहेब संध्याकाळी जीपपाशी ‘किती फॉर्म?’ एवढंच विचारायचा, ‘कसे?’ कधीच नाही. शेवटच्या महिन्याचा भत्ताही त्याने बुडवला, तो वेगळाच. पुढे आफ्रिकी देशांचे अहवाल वाचले, तर त्यांच्याही परिशिष्टांत त्याच सालावर जन्मांच्या आकड्यांत तसाच खड्डा. जागतिक आरोग्य वगैरे मला पहिल्यांदा कळलं ते या खड्ड्यातून. तिकडेही कुणी साहेब जीपपाशी उभा असणार.

आता एक जुना हिशेब. पहिल्या फेरीत एक लाख जिवंत जन्मांमागे 437 मातामृत्यू निघाले, दुसऱ्या फेरीत 540. ही वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नव्हती. मातामृत्यू ही घटनाच इतकी विरळ की नव्वद हजार घरं हिंडूनही हाती तुटपुंज्या नोंदी लागतात. अहवालात तसं स्वच्छ लिहिलं होतं. तरीही व्यासपीठावरच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं ‘मातामृत्यू वाढले’ अशी बोंब ठोकली. उलट 2010 मध्ये लॅन्सेटने जगभरातले मातामृत्यू 3,42,900 इतके कमी असल्याचा अंदाज छापला, तेव्हा तो लांबणीवर टाका म्हणून दबाव आल्याचं संपादक रिचर्ड हॉर्टन यांनीच सांगितलं. मृत्यू घटले तर निधीही घटेल, ही धास्ती! बायका वाचल्याचं वाईट वाटणारी माणसं मी परिषदांत जवळून पाहिली आहेत. सुती साड्या आणि चांदीचे दागिने.

त्याच दशकात सुईण मोडीत निघाली. 1997 ला कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत ठरलं की सुइणींना शिकवण्यात पैसा घालवू नका, कुशल प्रसूतिसेविका हवी. अडलेली बाळंतीण आणि रक्तस्राव सुईण सांभाळू शकत नाही, हे खरंच. पण नर्स येण्याआधीच सुईण काढून घेतली गेली आणि मधल्या वर्षांत त्या झोपडीत कोण होतं, हे कुणी विचारलं नाही. गडचिरोलीत मात्र अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, सुइणींनाही सोबत घेतलं. नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले. 1999 ला ते लॅन्सेटमध्ये आलं. आशाताईंच्या घरभेटींचं धोरण व्हायला 2011 उजाडलं.

नंतरची वर्षं मला कंटाळवाणी वाटली. सहस्रकाची उद्दिष्टं आली, मग शाश्वत उद्दिष्टं आली. सिएटलमध्ये 2007 ला गेट्स यांच्या पैशावर आरोग्याच्या आकडेमोडीची संस्था उभी राहिली आणि उंबऱ्यात न बसताही मॉडेलवरून आकडा काढता येऊ लागला. इकडे अंगणवाडीताईंच्या हाती निकृष्ट फोन आणि इंग्रजी अ‍ॅप पडलं. 2021 मध्ये राज्यभर त्यांनी ते फोन परत केले, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. सुधारणा झाली हे मान्यच. पहिल्या फेरीत देशात हजारी 79 अर्भकं जायची, पाचवीत 35.

डीएचएस थांबल्यावर काही अर्धवट सर्वेक्षणं गेट्स प्रतिष्ठानच्या पैशावर तगली. बाकीच्यांबाबत तरुण मंडळी सांत्वन करतात, “मॉडेल आहेत ना!” पण मॉडेलला खाऊ घालायला कुणीतरी विचारून आणलेलं उत्तर लागतंच. ते नसेल त्या देशाचा आकडा आजूबाजूच्या देशांवरून बेततात, आणि तो दशांश चिन्हासकट छापून येतो. दुसरे सांगतात की युनिसेफची मिक्स सर्वेक्षणं आहेत, ती भरून काढतील. आहेत खरी, नव्वदीच्या मध्यापासून आहेत आणि चांगली आहेत. फक्त युनिसेफच्या झोळीत सरकारांपैकी सर्वांत मोठी मूठ आजवर अमेरिकेचीच पडत आली आहे.