नांदण्याचा हुकूम

पतीच्या घरीं नांदण्यास पत्नीची तयारी नसेल, तर न्यायालयाच्या हुकुमानें तिला तेथें पाठवितां येईल काय? हा प्रश्न १८८४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें आला आणि पुढें चार वर्षें त्यानें हिंदुस्थानांत व इंग्लंडांतहि खळबळ उडवून दिली. वादी होता दादाजी भिकाजी. प्रतिवादी होती त्याची पत्नी रखमाबाई. या खटल्याचें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु ज्या कायद्याच्या आधारें तो चालला तो कायदा आला कोठून, हें क्वचितच सांगितलें जातें. तो मनूचा नव्हता, याज्ञवल्क्याचाहि नव्हता. त्याचें मूळ इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायालयांत होतें.

१७१४ ते १८३० या काळांत इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज राजे होऊन गेले. त्या काळीं तेथें नवराबायकोचे तंटे धर्मपीठाच्या न्यायालयांत चालत. फार झालें तर दोघांनीं वेगळें राहावें, एवढी परवानगी तें न्यायालय देई. पुन्हां लग्न करण्याची मोकळीक त्याला देतां येत नसे. ती हवी असेल तर पार्लमेंटकडून आपल्यापुरता स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि इतका खर्च उमराव व धनिक यांनाच झेपे. मुख्य प्रधान ड्यूक ऑफ ग्राफ्टन यानें अधिकारावर असतांनाच १७६९ सालीं आपली पत्नी ॲन हिच्यापासून असा घटस्फोट मिळविला. ॲनला दुसऱ्या एका उमरावापासून मूल झालें होतें. ड्यूक स्वतः नॅन्सी पार्सन्स नांवाच्या स्त्रीबरोबर उघडपणें वावरत असे; पण त्याचें तें वर्तन घटस्फोटाच्या आड आलें नाहीं. १७०० पासून १८५७ पर्यंत तीनशेंहून अधिक पुरुषांनीं या मार्गानें सुटका करून घेतली. स्त्रियांपैकीं ती साधली फक्त चौघींना. त्यांतली पहिली जेन ॲडिसन, १८०१ सालीं.

त्याच धर्मन्यायालयांत आणखी एक दावा चाले. पति किंवा पत्नी विनाकारण घर सोडून गेली, तर तिनें परत यावें असा हुकूम दुसऱ्या पक्षास मागतां येई. हुकूम मोडणाऱ्यास पूर्वीं धर्मबहिष्कार होई. १८१३ च्या कायद्यानें त्याच्या जागीं तुरुंग आला. इंग्रजी न्यायाधीशांबरोबर हा दावा आपल्या देशांत उतरला. १८६७ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणांत असा दावा येथील दिवाणी न्यायालयांत चालूं शकतो असें ठरविलें. इंग्रजी कायद्याचा हा अर्धा भाग येथें आला. घटस्फोटाचा दुसरा अर्धा भाग मात्र हिंदु स्त्रीच्या वांट्यास आला नाहीं. अनेक जातींत पंचांपुढें काडीमोड होत असे. पण पांढरपेशा घरांतील स्त्रीला तोहि मार्ग नव्हता.

रखमाबाईचा जन्म १८६४ चा. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई हिनें डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. हे गृहस्थ वैद्यक व वनस्पतिशास्त्र या दोन्ही विषयांत नांवाजलेले होते. मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापकांपैकीं ते एक. अकराव्या वर्षीं रखमाबाईचें दादाजीशीं लग्न झालें. पण ती आईच्या घरींच राहिली आणि वाचनांत रमली. दादाजीनें शिकून कर्तबगार व्हावें अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. पुढें त्यानें बोलावणें पाठविलें, तेव्हां तिनें जाण्याचें साफ नाकारलें. आपली संमति घेण्याचें वय नसतांना झालेलें लग्न आपणांवर लादतां येणार नाहीं, हा तिच्या म्हणण्याचा गाभा होता.

१८८५ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा फेटाळला. जीं दोघें कधीं एकत्र राहिलींच नाहींत त्यांना ‘पुन्हां’ एकत्र आणण्याची भाषाच चुकीची, आणि अशा सक्तीला हिंदु धर्मशास्त्रांत आधार नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. अपिलांत १८८६ सालीं हा निकाल फिरला. हिंदु विवाह विधीनेंच पूर्ण होतो, म्हणून दावा चालला पाहिजे, असें वरिष्ठ न्यायाधीशांनीं ठरविलें. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला: महिन्याच्या आंत पतीच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत. आपण तुरुंग पत्करूं, असें बाईनें कळविलें.

येथें एक विपरीत योग लक्षांत घेण्याजोगा आहे. ज्या १८८४ सालीं दादाजीनें दावा लावला, त्याच सालीं इंग्लंडनें अशा हुकुमाच्या भंगाबद्दलची कैद रद्द केली होती. मूळ घरांत जी शिक्षा टाकून दिली गेली, ती येथें धर्माच्या नांवानें उचलून धरली गेली! बेहरामजी मलबारी यांनीं बाईचा पक्ष घेतला; टिळकांच्या ‘केसरी’नें कडाडून विरोध केला. अखेर जुलै १८८८ मध्यें तडजोड झाली. दादाजीस दोन हजार रुपये मिळाले आणि त्यानें हुकूम बजावण्याचा आग्रह सोडला. पण हा घटस्फोट नव्हे. दादाजी दुसरें लग्न करण्यास मोकळा होता, आणि त्यानें तें केलें. रखमाबाईची गांठ कायद्यानें तशीच राहिली.

१८८९ सालीं ती विलायतेस गेली, १८९४ मध्यें डॉक्टर झाली, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथें तिनें अनेक वर्षें स्त्रियांच्या रुग्णालयांत सेवा केली. कायदा मात्र सावकाश हलला. नांदण्याच्या हुकुमासाठीं कैद करण्याची तरतूद येथें १९२३ सालीं गेली. बडोदें संस्थानांत १९३१ सालीं व मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला. सर्व देशासाठीं हिंदु विवाह कायदा १८ मे १९५५ रोजीं अमलांत आला. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला रखमाबाई निवर्तल्या.

त्या कायद्यानें घटस्फोट दिला. पण नवव्या कलमांत नांदण्याचा दावाहि कायम ठेवला. इंग्लंडनें हा दावा १९७० च्या कायद्यानें मुळासकट काढून टाकला. आपल्याकडे १९८३ सालीं आंध्र उच्च न्यायालयानें हें कलम घटनाबाह्य ठरविलें, तर पुढच्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें तें वैध मानलें. हुकूम मोडणाऱ्यास आतां तुरुंग नाहीं. मालमत्तेवर जप्ती येऊं शकते. तें कलम राखावें कीं काढावें, याचा विचार ज्यांस करावयाचा आहे त्यांनीं तो अवश्य करावा. परंतु तें आपल्या पूर्वजांचें देणें आहे, या समजुतीवर तरी करूं नये. तें परक्या घरचें जुनें सामान आहे, आणि त्या घरानें तें केव्हांच बाहेर काढलें आहे.