जुन्या जाणत्यांच्या हाताखाली

जामखेडच्या आरोग्य केंद्रात खेड्यातून शिकायला आलेल्या बाईला सुरुवातीलाच आजारांची नावे विचारली जात नसत. तिला तिचे स्वतःचे नाव विचारले जाई. प्रश्न सोपा, पण अनेकींना तो अवघड जाई. अमक्या गावची, अमक्याची बायको, तमक्याची आई असे उत्तर येई आणि नाव मागेच राही. जिला स्वतःचे नाव मोठ्याने सांगता येत नाही, ती परक्या सासूला तिच्याच उंबरठ्यावर दोन गोष्टी सुनावणार कशी? म्हणून औषधांच्या आधी हा धडा.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला वैद्यकशास्त्र शिकले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतले आणि १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात त्यांनी काम सुरू केले. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत राहायला पाठवून पाहिले. ते साधले नाही. परगावची, एकटी राहणारी तरुण मुलगी गावाला आपली वाटेना आणि तिलाही गाव आपले वाटेना. तेव्हा गावातलीच बाई निवडावी, असे ठरले. गावाने निवडलेल्या या स्त्रियांपैकी कित्येकींनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. काही दलित वस्तीतल्या होत्या, काहींना नवऱ्याने टाकलेले होते. त्यांना शिकवण्याचे काम प्रारंभी डॉक्टर आणि परिचारिकाच करीत. पुढे वर्षे लोटली, पहिल्या तुकडीतल्या बाया जाणत्या झाल्या आणि नव्यांना शिकवण्याचा मोठा वाटा त्यांनीच उचलला.

हा बदल मनुष्यबळाच्या सोयीसाठी झाला, असे कोणाला वाटेल. त्याचा खरा गुण वेगळाच आहे.

गरोदरपणी पोटभर जेवले तर बाळ मोठे होते आणि बाळंतपण अडते, ही समजूत त्या भागात खोलवर रुजलेली होती. जुलाब होणाऱ्या मुलाला पाणी पाजले की जुलाब वाढतात, ही दुसरी. नवी कार्यकर्ती याच घरांतून आलेली. तीही मनोमन हेच मानीत असे. डॉक्टरांनी शास्त्र सांगितले की ती मान डोलवी, कारण डॉक्टरांपुढे मान डोलवायचीच असते. आतला संशय मात्र जागचा हलत नसे. डॉक्टरांना समजुतीचे खंडन करता येते, पण मीही असेच मानीत होते, हे वाक्य त्यांना उच्चारता येत नाही. ते जुन्या कार्यकर्तीलाच म्हणता येते. आपण कशा चुकलो, कोणाचे ऐकून चुकलो आणि डोळे केव्हा उघडले, हे ती सांगते, तेव्हा ऐकणारीला स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटेनाशी होते आणि मग ती खरे प्रश्न विचारू लागते.

पेढीवर वाढलेल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. गादीवर नव्याने बसलेल्या मुलाला शेठजी क्वचितच शिकवीत; ते काम जुन्या मुनीमाचे. हिशेब शेठजींनाही ठाऊक असे, पण नवखा कोठे घसरतो हे मुनीमाला अधिक ठाऊक असे. फरक इतकाच, की वहीतली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. जुलाबाने सुकलेल्या तान्ह्या मुलाला दुसरा दिवस मिळेलच, असे नाही.

साखर-मिठाच्या पाण्याचेच पाहावे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पाठ करायला क्षणही लागत नाही. पण चमचा घरोघर निराळा असतो आणि कोठे साखर नसते. मीठ जास्त पडले तर औषधच अपाय करते. म्हणून पाणी मुलाला देण्यापूर्वी स्वतः चाखायचे, ते डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा चमच्याचमच्याने पाजायचे. येथे नवखीचा धीर सुटतो. ओकारी पाहून आई घाबरते, सासू वाटी बाजूला सारते, आणि शिकलेली बाईही गप्प बसते. ओकारीनंतर पुन्हा पाजण्याचे हे धैर्य केवळ पाठांतराने येत नाही. कोणीतरी शेजारी बसून ते करताना पाहावे लागते.

जामखेडला कार्यकर्त्या ठरावीक दिवशी गावोगावहून एकत्र जमत आणि रात्री मुक्काम करीत. दिवसा वर्ग होई. पण पुष्कळसे शिकणे रात्रीचे असे. निरनिराळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत, एकमेकींशेजारी झोपत, आणि दिव्याच्या उजेडात न सांगितलेल्या गोष्टी अंधारात बाहेर येत. त्या काळात एकत्र जेवणे हीच केवढी मोठी गोष्ट होती!

यांपैकीच मुक्ताबाई नावाच्या एका कार्यकर्तीने १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केले. सभागृहातल्या लखलखत्या झुंबरांकडे बोट दाखवून तिने डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली आणि स्वतःला साध्या दिव्याची. झुंबर महागडे असते, त्याने दुसरे झुंबर पेटत नाही. दिव्याने मात्र दुसरा दिवा लावता येतो, असा तिचा आशय होता. विद्वानांच्या सभेत हे बोलायला आधी स्वतःचे नाव सांगता यावे लागते.

१९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्त्यांची योजना देशभर आली. महाराष्ट्रात त्यांच्यावर देखरेखीसाठी गटप्रवर्तक नेमल्या गेल्या. गावातलीच बाई ही कल्पना शासनाने उचलली, पुस्तिका छापल्या, वर्ग भरवले. जुन्या-नव्यांनी एकत्र काढलेली रात्र मात्र कोणत्याही पुस्तिकेत बसत नाही, आणि गटप्रवर्तक नोंदवह्या तपासण्यातच गुंतून राहिली, तर तिच्यातली जाणती बाई वाया जाते.

जामखेडमध्ये नवी कार्यकर्ती गावी परतली तरी सुटी होत नसे. परिचारिका आणि समाजसेवक यांचे फिरते पथक तिच्या मागोमाग गावात येई आणि अडलेली रुग्ण तिच्यासोबतच पाही. पुढच्या बैठकीला ती जामखेडला येई, तेव्हा किती घरे झाली यापेक्षा, कोणत्या घराने दार उघडले नाही, हे जुन्या बायांना ऐकायचे असे.